प्रोथेरोची कॉफी

अमांडस ड्राइसबाख कॉफी पीत नसे. डंकल या आमच्या खाणीच्या गावात ही गोष्ट चर्चला दांडी मारण्यापेक्षा जास्त खुपायची. आमच्याकडे वेल्श असो, आयरिश असो, की आम्ही जर्मन मुळाचे, ज्यांना सगळे डच म्हणतात, बाकी कशावरूनही डोकी फुटतील, पण कॉफीवर सगळ्यांचं एकमत. उठल्यावर कॉफी, कामावर निघताना कॉफी, परत आल्यावर कॉफी, आणि मयताच्या घरी तर किटली चुलीवरून उतरतच नाही. अमांडस मयताच्या घरीही पाणी मागायचा. ज्यांना कारण माहीत होतं ते मुकाट्याने पाणी द्यायचे. नव्या लोकांना वाटायचं, पोटाचं काही दुखणं असेल.

मी एलायस मोयर, इंजिन शेडमधला बॉयलर दुरुस्त करणारा. माझी हयात लोखंडावर हातोडी मारून त्याचा आवाज ऐकण्यात गेली. धड असेल तर ते एक बोलतं, आतून तडकलं असेल तर दुसरं. तेव्हा आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, आणि भुताखेतांच्या बाबतीत तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते माझं मलाच आवडत नाही.

युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या लाइनीचं काम एवढंच, की खाणीतला कोळसा डोंगर चढवून पलीकडे नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा. पॅसेंजर गाडी होती एक, पण तिला कुणी विचारत नसे. कोळसा ओढणारी जी इंजिनं होती त्यांना आम्ही उंट म्हणायचो. त्यांची भट्टी इतकी रुंद, की मागे ड्रायव्हरला बसायला जागाच उरली नव्हती. म्हणून बांधणाऱ्यांनी त्याचं लाकडी खोपटं उचलून बॉयलरच्या पाठीवर मधोमध ठेवून दिलं. ड्रायव्हर तिथे वर, आणि फायरमन पार मागे, भट्टीच्या तोंडाशी, उघड्यावर. मध्ये धूर, वाफ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. एकाच इंजिनावर दोन माणसं अख्खा दिवस काढायची आणि एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. माझी बायको सलोमी म्हणायची, "आपण संसार असाच करायला हवा होता, मोयर. तू पुढे, मी मागे, मध्ये बॉयलर."

दोघांना बोलायची सोय म्हणजे ठोके. ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यापाशी चामड्याच्या पट्ट्यात एक पाना टांगलेला असे. त्याने बॉयलरच्या पत्र्यावर एक ठोका दिला की वाफ वाढव, दोन दिले की पुरे. फायरमनने भट्टीच्या दारावर फावडं दोनदा आपटायचं, म्हणजे ऐकलं. लोखंडातून ठोका असा जातो की आधी हातातल्या फावड्याला कळतो, मग कानाला.

सत्तावीस नंबरच्या उंटावर ग्विलिम प्रोथेरो ड्रायव्हर होता आणि अमांडस त्याचा फायरमन. प्रोथेरो वेल्श, पिकत आलेल्या दाढीचा, चॅपलमध्ये खर्जात गाणारा. अमांडस आमच्यातला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, तेव्हा तिशीतही न पोचलेला. प्रोथेरोने ठोक्यांमध्ये आपली एक भर घातली होती. एक ठोका, जरा थांबून दोन. म्हणजे कॉफी आण.

कॉफी नेण्याचा रिवाज सगळ्याच उंटांवर होता. घाटाच्या पायथ्याशी टाकीवर पाणी भरून झालं की फायरमन कॉफीचा पत्र्याचा डबा भट्टीच्या वरच्या कठड्यावर तापत ठेवायचा. घाट लागला आणि गाडी मुंगीच्या चालीने चढू लागली, की बॉयलरच्या कडेच्या वीतभर फळीवरून एका हाताने दांडा धरून पुढे जायचा आणि खिडकीतून डबा आत द्यायचा. दिवसात तेवढं एकदाच एकमेकांचं तोंड दिसे. सकाळी भांडला असाल तर कॉफी देताना मिटवा, असं जुने लोक नव्यांना बजावत. कॉफी न नेणं हा अपमान होता, आणि तो जाणूनबुजूनच केला जायचा.

अमांडसला ड्रायव्हर व्हायचं होतं. शेडच्या फोरमनने प्रोथेरोचं मत विचारलं, तर प्रोथेरो म्हणाला, अजून कच्चा आहे, लगेच रुसतो. फोरमनच्या पोटात काही राहत नसे. त्याने ते जसंच्या तसं अमांडसच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सत्तावीसच्या पुढच्या चाकांपाशी काम करत होतो आणि प्रोथेरो तेलाची बुधली घेऊन शेजारीच वाकला होता, तेवढ्यात अमांडस तिथे येऊन उभा राहिला.

"मी रुसतो म्हणे," तो म्हणाला.

"आत्ता काय चाललंय मग?" प्रोथेरोने वर न बघता विचारलं.

"इतकी वर्षं तुमची भट्टी सांभाळली, मिस्टर प्रोथेरो. एकदा तरी वाफ कमी पडली का?"

"नाही पडली. तुझ्यासारखी भट्टी लाइनीवर कुणाची नाही. पण रुसणाऱ्या माणसाला त्या खोपट्यात एकटा बसवायचा नसतो रे. अजून एक हिवाळा थांब. मी स्वतः सांगेन फोरमनला."

"आज कॉफीची वाट बघू नका."

"बघणार," प्रोथेरो म्हणाला, माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला, आणि वर चढला.

त्यानंतर त्याला जिवंत पाहिल्याचं कुणी सांगत नाही.

पुढचं मी अमांडसकडून ऐकलं आहे, एकदाच, पण ते मला पाठ आहे. टाकीवर त्याने पाणी भरलं, कॉफी सवयीने तापत ठेवली, आणि पुढे काही गेला नाही. घाटात काळ्या कड्याचं वळण आलं तेव्हा फावड्याला ठोका कळला. एक, मग दोन. त्याला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. त्याने उत्तर दिलं नाही, दात आवळून कोळसा टाकत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा. एक, मग दोन. आता त्याला जरा हसूही येऊ लागलं होतं, पण म्हटलं, अजून थोडं तंगवू. तिसऱ्यांदा आला तो अगदी हळू. मग काही नाही. माथा आला, गाडी उताराला लागायची वेळ झाली तरी वाफ कमी होईना, तेव्हा तो फळीवरून धावत गेला. प्रोथेरो खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून बसला होता. डोळे उघडे. हात मांडीवर. पाना पट्ट्यात टांगलेला, आणि अजून हलत होता.

अमांडसने मेलेल्या माणसाच्या अंगावरून हात घालून वाफ बंद केली, शिट्टी देऊन मागच्या ब्रेकवाल्यांना सावध केलं आणि कोळशाने भरलेली अख्खी गाडी सुखरूप खाली उतरवली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते त्यांना सांगता येईना. क्षणात गेला असेल, किंवा चांगला अर्धा तास कळा सोसत बसला असेल. लाइनीच्या साहेबांनी चौकशी केली आणि ठरवून टाकलं, की घाटाच्या हिसक्यांनी पाना हलला, पत्र्यावर आपटला, पोराला ठोके वाटले. तसं ठरलेलं त्यांनाही सोयीचं होतं.

"पान्याला कॉफी लागत नाही, साहेब," अमांडस म्हणाला.

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच महिन्यात त्याला ड्रायव्हर केलं. गाडी वाचवली होती ना त्याने. प्रोथेरो जिवंत असता तर एक हिवाळा थांबावं लागलं असतं. मेला म्हणून थांबावं लागलं नाही. हे अमांडसला कुणी बोलून दाखवलं नाही, आणि दाखवायची गरजही नव्हती.

सत्तावीस नंबर त्याने घेतलं नाही. त्याला दुसरा उंट दिला. सत्तावीसची चाल तशीही मंदावत होती, त्याला घाटातून काढून यार्डात वाघिणी इकडून तिकडे लोटायला लावलं. सपाटीवर ते इंजिन अगदी गरीब गाईसारखं वागलं. कधी कुणी ठोका ऐकला नाही. प्रोथेरोचा पाना त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, तो त्याच्या जेवणाच्या डब्याबरोबर घरी गेला.

अमांडस चांगला ड्रायव्हर झाला. चांगला म्हणजे इतका सावध, की फायरमन लोकांना कंटाळा यायचा. त्याने आपल्या खोपट्यातून मागे दोरी ओढून घंटा बसवली होती आणि ठोक्यांना सक्त मनाई होती. काळ्या कड्याचं वळण आलं की तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा, पावसातही. एकदा कॉर्नी डफी नावाचा एक आयरिश पोरगा त्याचा फायरमन होता. चेष्टेखोर. त्याने कुठूनतरी ऐकलं आणि बरोबर त्या वळणावर फावड्याच्या दांड्याने ठोकलं. एक, मग दोन.

अमांडसने गाडी घाटात उभी केली. चढावर भरलेली गाडी उभी करणं म्हणजे काय, हे लाइनीवरच्या कुत्र्यालाही कळतं. ती पुन्हा हलत नाही. मागून दुसरं इंजिन आणावं लागतं, सगळा घाट तुंबतो. अमांडस खाली उतरला, कड्याखालच्या एका धोंड्यावर बसून राहिला. डफी धावत आला.

"चूक झाली, मिस्टर ड्राइसबाख. गंमत केली हो."

"तू होतास?"

"मीच. आईशपथ."

"मग ठीक आहे," अमांडस म्हणाला. त्याच्या तोंडावर रंग आला. डफीने नंतर मला सांगितलं, की त्याला चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो माणूस आपले आभार मानतोय असं त्याला वाटलं, आणि त्यानेच त्याची झोप उडाली.

आता ग्वेनबद्दल सांगायला हवं. ग्वेन म्हणजे प्रोथेरोची बायको. नवऱ्यापेक्षा बरीच लहान, मूलबाळ नाही, जीभ तिखट आणि हात मऊ. दर शनिवारी अमांडस तिच्या मागच्या दाराशी कोळशाच्या बादल्या आणून ठेवायचा, हिवाळ्यात लाकडं फोडायचा, बर्फ काढायचा, गळकं छप्पर त्यानेच नीट केलं. पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. पाऊस असो, बर्फ असो, ओसरीवर उभा. ती जेवायला बोलवायची, तो म्हणायचा, "नको, बाई, बूट घाण आहेत."

"बूट काढता येतात, अमांडस," ती म्हणायची.

"पुढच्या वेळी," तो म्हणायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. त्याने लग्न केलं नाही, तिने दुसरं केलं नाही. गावाला सगळं दिसत होतं. सलोमी तर रागाने फणफणायची. "मेला तो मेला. ही जिवंत आहे ना? त्या गाढवाला सांग कुणीतरी."

मी एकदा सांगायला गेलो. तेव्हाच त्याने मला ते सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "तो मला बोलवत असेल, मोयर, आणि मी मागे बसून हसत असेन, तर तिच्या टेबलावर बसून मी जेवू कसा? आणि पानाच असेल तर मी इतकी वर्षं वेडा ठरलो. मला वेडा ठरायला आवडेल. पण कळणार कसं?"

मला त्याची दया आली आणि रागही आला. नक्की काय जास्त आलं ते सांगता येणार नाही.

कळायची वेळ आली ती सत्तावीस भंगारात काढायचं ठरलं तेव्हा. भंगाराचा अड्डा डोंगरापलीकडे. इंजिनाने स्वतःच्या वाफेवर जायचं होतं, मागे जुन्या रुळांनी आणि चाकांनी भरलेल्या वाघिणी घेऊन. म्हणजे वजनही जवळजवळ त्या दिवसाएवढंच. अमांडस शेडमध्ये आला, माझ्या हातातली हातोडी त्याने काढून घेतली आणि खाली ठेवली.

"मी मागे बसतो. फायरमन म्हणून. तू पुढे बस."

"मी? मी यार्डाबाहेर कधी इंजिन नेलेलं नाही."

"चढायला अक्कल लागत नाही, उतरायला लागते. माथ्यावर मी पुढे येईन. प्रोथेरोचा पाना त्याच्या जागी टांगायचा आणि त्याला हात लावायचा नाही. आपोआप वाजला तर वाजला."

"आणि नाही वाजला तर?"

"तर मी आहे तसाच आहे," तो म्हणाला.

पाना ग्वेनकडे होता. त्यासाठी त्याला तिच्या दारात जाऊन सगळं सांगावं लागलं. काय आणि कसं सांगितलं ते मला माहीत नाही. मी कुंपणाबाहेर उभा होतो. ती आत गेली, पाना घेऊन आली आणि त्याच्या हातात देताना क्षणभर तिने तो सोडलाच नाही.

"मला कळायला नकोय," ती म्हणाली. "तू कॉफी घेऊन गेला असतास तरी तो वाचला नसताच, मला वाटतं. पण तुला पटायचं नाही. तू हट्टी डच आहेस."

"येतो, बाई."

"बटाटे टाकून ठेवते," ती म्हणाली. मग कुंपणाकडे बघून मला म्हणाली, "एलायस, त्याला नीट परत आण."

ते 'नीट परत आण' माझ्या डोक्यात बसलं. मी तिथेच ठरवलं. पाना वाजला नाही तर मी वाजवणार. अमांडस मागे, मी पुढे, मध्ये बॉयलर. त्याला काय कळणार?

नोव्हेंबरमधली दुपार होती आणि धुकं इतकं, की समोरचं धुरांडंही अधूनमधून दिसेनासं व्हायचं. मी प्रोथेरोच्या जागेवर बसलो. बाकाची गादी बदललेली नव्हती, नुसती वर एक पोतं टाकलेलं. पाना पट्ट्यात अडकवला. पायथ्याच्या टाकीवर पाणी भरून झालं तेव्हा मी मागे वाकून पाहिलं. अमांडस भट्टीवर कॉफीचा डबा ठेवत होता. मला विचित्र वाटलं.

घाट लागला. सत्तावीस कण्हत होतं, पण चढत होतं. अमांडसची भट्टी अशी होती की वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलत नव्हता. मी पान्याकडे बघत राहिलो. तो हलत होता हे खरं. पुढेमागे, पुढेमागे, रुळांच्या प्रत्येक सांध्याला. पण पत्र्यापासून चांगला चार बोटं लांब. पट्टा काही तितका झुकेना. मी मनात म्हटलं, वळणावर झुकेल. काळ्या कड्याचं वळण लागलं, इंजिन एका अंगाला कललं, आणि पाना पत्र्यापासून आणखी दूर गेला. तेव्हा मला कळलं. हा पाना तिथे आपोआप वाजणं शक्य नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नाही.

म्हणजे म्हातारा बोलवत होता. प्रोथेरो मला आवडायचा.

मी पाना पट्ट्यातून काढून घेतला. थंडगार होता. मांडीवर ठेवला, मूठ घट्ट केली आणि ठोका कुठे द्यावा म्हणून पत्र्याकडे बघू लागलो.

आणि ठोका आला.

एक. मग दोन.

माझ्या गुडघ्याच्या जवळ, पत्र्यातून. मांडीखालच्या बाकाला कळला, मग कानाला. पाना माझ्या हातात होता. मी हातोडीवर पोट भरणारा माणूस आहे, लोखंडावर लोखंड वाजलेलं मला कळतं. वाफेचा ठोका वेगळा असतो, तापून ताणलेल्या खिळ्याचा वेगळा. हा पान्याचा होता. धरून, मनगटातून दिलेला.

मागून लगेच भट्टीच्या दारावर फावडं दोनदा आपटलं. ऐकलं.

पुन्हा आला. एक, मग दोन. घाईचा नव्हता, कण्हल्यासारखाही नव्हता. त्या सकाळी डोळा मिचकावून 'बघणार' म्हणालेल्या माणसाचा असावा तसा. मला इतकी भीती वाटली की मी मान वळवून शेजारी पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं, शेजारी काय होतं, तर मला सांगता येणार नाही, कारण मी पाहिलंच नाही.

धुक्यातून फळीवर पावलं वाजली. अमांडस येत होता. मी भानावर आलो, पाना कसाबसा पट्ट्यात अडकवला आणि त्याला हाताने धक्का दिला. खिडकीत अमांडसचं काळवंडलेलं तोंड आलं तेव्हा पाना जोरात झोके घेत होता. त्याच्या हातात डबा होता, वाफाळलेला. इतकी वर्षं त्या फळीवरून चाललेला नसूनही त्याने थेंब सांडला नव्हता.

त्याने पान्याकडे पाहिलं. "आपोआप?"

"आपोआप," मी म्हणालो.

"तू हात नाही लावलास?"

"देवाची शपथ, तो ठोका मी दिला नाही," मी म्हणालो. आणि हे खरंच होतं.

त्याने डबा खिडकीतून आत धरला. मी तो घेतला आणि दोन घोट प्यालो. कडू, करपट, भट्टीवर तापलेली कॉफी. मी डबा परत दिला. अमांडसने राहिलेल्या कॉफीकडे थोडा वेळ पाहिलं आणि फळीवर उभा राहूनच सगळी पिऊन टाकली. त्याच्या गालांवरच्या काजळीतून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. "म्हणजे मी वेडा," तो म्हणाला. "नुसता वेडा."

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

माथ्यावर तो पुढे आला आणि गाडी त्याने उतरवली. संध्याकाळी पॅसेंजर गाडीने परत आल्यावर त्याने ग्वेनच्या मागच्या दाराशी बूट काढले आणि आत गेला. बटाटे होते, खारवलेलं डुकराचं मांस होतं, आणि तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे जाडसर वेल्श केक. तो सगळं जेवला. मला हे कसं माहीत, तर सलोमी काहीतरी मागायचं निमित्त करून बघून आली. वसंतात त्यांनी लग्न केलं. लुथेरन पाद्री लावणार की चॅपलचा, यावर दोन्हीकडची माणसं भांडली, शेवटी दोघंही आले.

मी मात्र दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकून भंगाराच्या अड्ड्यावर गेलो. सत्तावीस सोलत होते तेव्हा दिवसभर तिथे उभा राहिलो. त्या बाजूचा प्रत्येक खिळा, प्रत्येक बोल्ट, पत्र्याचा प्रत्येक जोड हाताने तपासला. काहीतरी सैल सापडावं म्हणून मी किती धडपडलो ते माझं मला माहीत. काहीच सापडलं नाही. कामगार म्हणाले, काका, काय हरवलंय? मी म्हणालो, काही नाही.

अमांडसला मी कधी सांगितलं नाही. तो सुखाने जगला, जाडाही झाला. कॉफी तर अशी पिऊ लागला की ग्वेन चिडायची. त्यांच्या ओसरीवर बसलो की तो मला मोठा पेला भरून द्यायचा, आणि खिडकीत ठेवलेल्या त्या पान्याकडे माझी नजर जायची. तो कधी वाजला नाही. मला रात्री झोप नीट लागत नसे, ती वयामुळे, असं मी सलोमीला सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन अमांडस गेला. शांतपणे गेला. मातीहून परतल्यावर घर माणसांनी भरलेलं होतं आणि ग्वेन स्वयंपाकघरात किटली धुऊन पुन्हा भरत होती. मी पाणी काढून द्यायला आत गेलो. तिने दार लोटून घेतलं.

"एलायस, एक विचारते. पाना खरंच आपोआप वाजला होता?"

अमांडस आता नव्हता. मला खोटं बोलवेना. "नाही," मी म्हणालो. "पाना माझ्या हातात होता."

"मग तू वाजवलास."

"वाजवणार होतो. त्याच्या आधीच वाजलं."

तिने किटली खाली ठेवली. बाहेर कुणीतरी हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं.

"एक, मग दोन?"

"हो."

"आणि अमांडस कॉफी घेऊन पुढे गेला."

"लगेच. दुसरा ठोका विरायच्या आत निघाला."

"कुणाला दिली?"

"मला. मी दोन घोट घेतले."

"ग्विलिमच्या जागेवर बसून?"

"हो, ग्वेन. तिथेच बसलो होतो."

तिने एप्रनला हात पुसले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"म्हणजे पोचली," ती म्हणाली. मग तिने किटली उचलली आणि बाहेर बसलेल्या लोकांना कॉफी द्यायला गेली.